स्की रेसर व्हायचंय? नाशिकच्या पालकांच्या फोनांना एकदाच दिलेली उत्तरं

कॉलेज रोडच्या मागे एका मैदानावर मी गेली पंधरा वर्षं मुलांना इनलाइन स्केटिंग शिकवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा आरिफ खान उतरला आणि तेव्हापासून दर थंडीत मला तेच फोन येतात. "मॅडम, आमच्याला त्यात घालायचंय." 'त्यात' म्हणजे अल्पाइन स्की रेसिंग. मी स्की रेसर नाही. गुलमर्गला कोर्स केला, त्यात गुडघा घालवला, आणि नंतर या खेळाचं वेड मात्र लागलं ते लागलंच. तेवढ्या अधिकारात सांगते.

बर्फावरून घसरायचं एवढंच ना?

घसरतो आपण पावसाळ्यात गोदाघाटाच्या शेवाळावर. रेसर घसरत नाही, तो वळतो. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादाची धारदार कड असते. पाय कलला की ती कड बर्फात रुतते आणि स्की वाकून वळण घेते. सगळा खेळ या कडेचा आहे. कड सुटली की स्की आडवी घासत जाते, बर्फाचा धुरळा उडतो, टीव्हीवर ते देखणं दिसतं, आणि तिथेच वेळ गेलेला असतो.

मुख्य प्रकार चार. स्लॅलममध्ये गेट, म्हणजे ज्यांच्या कडेने वळायचं ते खांब, अगदी जवळजवळ, वळणं झटपट. रेसर खांब नडगीने आणि हाताने आडवे पाडत जातो, म्हणून नडगीला गार्ड लागतं. जायंट स्लॅलममध्ये गेट लांब आणि वळण मोठं. सुपर-जीमध्ये वेग वाढतो. डाउनहिल म्हणजे सगळ्यांचा बाप. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. डाउनहिलचा माणूस ती दोन पायांवर ओलांडतो. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला २०१३ साली फ्रान्सच्या योहान क्लारेची ताशी १६१.९ किलोमीटर अशी नोंद झाली. ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूलची श्ट्राइफ ही उतरंड ३.३ किलोमीटरची, आणि तिचा विक्रम आहे १ मिनिट ५१.५८ सेकंदांचा, फ्रिट्झ श्ट्रोब्लचा, १९९७चा. तेवढ्या वेळात सीबीएसवरून निघालेली बस त्र्यंबक नाक्याचा सिग्नलही पार करत नाही.

निकाल कसा लावतात? पंच मार्क देतात का?

नाही. घड्याळ आणि फक्त घड्याळ. स्टाइलला शून्य किंमत. मला हा खेळ आवडतो त्याचं अर्धं कारण हेच.

वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिलला स्लोव्हेनियाची तिना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिझिन यांची वेळ तंतोतंत सारखी आली आणि दोघींना सुवर्ण दिलं. २०१८च्या ऑलिंपिकला चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने सुपर-जी ०.०१ सेकंदाने जिंकली. ती मुळात स्नोबोर्डवाली म्हणून प्रसिद्ध, सुटायचा नंबर २६, तिच्याकडून कुणाला अपेक्षाच नव्हती. फलकावर आपलं नाव पहिलं बघून ती नुसती उभी राहिली, यंत्राची चूक असेल म्हणून.

स्लॅलम आणि जायंट स्लॅलममध्ये दोन फेऱ्या असतात, दोन्ही वेळांची बेरीज. वर्ल्ड कपला (म्हणजे हंगामभर चालणाऱ्या सर्वांत वरच्या शर्यतींच्या मालिकेत) पहिल्या फेरीतले तीसच जण दुसरीला जातात आणि तिथे तिसावा सगळ्यात आधी सुटतो. त्याला कोरा करकरीत ट्रॅक मिळतो, पहिल्याला एकोणतीस जणांनी पाडलेल्या खाचा. एक गेट चुकलं की शर्यत संपली. वर्षभराची तयारी अर्ध्या मिनिटात बाहेर. ज्या पालकांना मुलाने रडलेलं बघवत नाही त्यांनी इथेच विचार करावा.

सुरुवात कितव्या वर्षी करावी लागते?

आल्प्समधली मुलं तीन-चार वर्षांची असताना स्कीवर उभी राहतात. आपल्याकडे जशी गावातली मुलं विहिरीत ढकलून पोहायला शिकतात, तसं. पण कागदोपत्री करिअर सुरू होतं सोळाव्या वर्षी. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिसच्या, शर्यतीत तेव्हापासून उतरता येतं आणि तेव्हापासून गुण लागतात.

इथे पालक हमखास गोंधळतात. फिसचे गुण जितके कमी तितके चांगले. जगातल्या अव्वल माणसाचे शून्याजवळ. नवख्याचे शेकड्यांत. गुण वाईट तर सुटायचा नंबर मागचा, नंबर मागचा तर ट्रॅक खणलेला, ट्रॅक खणलेला तर वेळ वाईट, वेळ वाईट तर गुण परत वाईट. या चक्रातून बाहेर पडायलाच कित्येकांची चार-पाच वर्षं जातात. मग युरोपियन कप किंवा नॉर-अॅमसारख्या खंडीय मालिका, आणि तिथून वर्ल्ड कप. तो १९६७ला सुरू झाला. पहिल्याला १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं उतरत तिसाव्याला १. हे गुण मात्र जास्त तेवढे चांगले. (हो, मलाही हे दोन आठवडे कळलं नव्हतं.)

अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन सोळा वर्षांची होतानाच वर्ल्ड कपला उतरली, सतराव्या वर्षी पहिली शर्यत जिंकली, अठराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सेस्त्रिएरेला शंभरावा विजय. स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम तिने त्याआधी, मार्च २०२३ला मोडला होता. पण तिचं उदाहरण देऊन माझ्याशी वाद घालू नका. ती एकच आहे. ऑस्ट्रियाचा हेर्मान मायर जास्त उपयोगाचा: पोरवयात स्की शाळेतून घरी पाठवलेला, गवंडीकाम करून पोट भरणारा. शर्यतीआधी ट्रॅक तपासायला जी माणसं सोडतात त्यांत तो १९९६ला आपल्या गावी, फ्लाखाउला, उतरला आणि त्याची वेळ मुख्य स्पर्धकांच्या तोडीची निघाली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पुढे त्याने वर्ल्ड कपच्या ५४ शर्यती जिंकल्या.

नाशिकमध्ये राहून माझा मुलगा वर्ल्ड कप रेसर होईल का?

नाही.

यावर माझ्याशी दोन कुटुंबं बोलेनाशी झाली आहेत, तरी उत्तर तेच. आपल्याकडे बर्फाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे निफाडची पहाट, जेव्हा पारा इतका उतरतो की पानांवरचं दव गोठतं आणि द्राक्षवाले बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. त्यावर स्की चालत नाही. या खेळाचं चलन एकच: बर्फावरचे दिवस. युरोपातला होतकरू मुलगा वर्षाला शंभराहून जास्त दिवस बर्फावर काढतो. तुमचा मुलगा दर वर्षी चौदा दिवस गुलमर्गला गेला तरी त्याच्या एका वर्षाची बरोबरी करायला तुमच्या मुलाला सात-आठ वर्षं लागतील.

पण प्रश्न जरा बदला. 'नाशिकचा मुलगा भारताकडून स्की करू शकेल का?' त्याला मी हो म्हणेन. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. तिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार. वडिलांबरोबर विहिरी खणणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे रोइंग शिकला आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्ही मारत तेरावा आला. त्याच्याही गावात बोट नव्हतीच. पण तो पाण्याजवळ राहायला गेला, हे विसरू नका. बर्फाच्या बाबतीतही घर सोडावं लागतं. भारतात सेना आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांच्या स्कीइंगच्या तुकड्या आहेत आणि सपाटीवरच्या मुलासाठी तो सर्वांत खरा रस्ता आहे असं माझं मत आहे. २०१४ला सोचीला गेलेला नदीम इक्बाल सैन्यातलाच, अर्थात त्याचा प्रकार क्रॉस-कंट्री.

भारताकडून आजवर कोण गेलंय?

पहिला जेरेमी बुयाकोव्स्की, १९६४ला इन्सब्रुकला. १९८८ला कॅलगरीला शैलजा कुमार स्लॅलममध्ये २८वी आली. हिवाळी ऑलिंपिकमधली ती पहिली भारतीय महिला. २०१०ला जम्यांग नमग्याल, २०१४ला हिमांशु ठाकूर. सोचीच्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, त्यामुळे आपली मुलं उद्घाटनाला तिरंग्याशिवाय चालली. निलंबन स्पर्धा चालू असताना उठलं आणि समारोपाला तिरंगा मिळाला. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ला तुर्कस्तानातल्या एर्झुरुमला स्लॅलमचं कांस्य मिळवलं, फिसच्या शर्यतीतलं भारताचं पहिलं पदक.

आणि आरिफ. टंगमर्गचा, वडिलांचं गुलमर्गला स्की साहित्याचं दुकान, चौथ्या वर्षापासून बर्फावर. २०१८च्या ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ते पुरले नाहीत. पुढच्या वेळची पात्रता त्याने कुठे मिळवली माहितीये? स्लॅलमची दुबईत, मॉलच्या आत बांधलेल्या बर्फाच्या उतारावर. बीजिंगला जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. "फक्त ४५वा?" असं एका बाबांनी मला विचारलं. त्या दिवशी बर्फ पडत होता, समोरचं दिसत नव्हतं आणि निम्म्याच्या आसपास स्पर्धक शेवटापर्यंत पोचलेच नाहीत. तो पोचला.

रेसर वर्षभर काय करतात? हिवाळा तर चारच महिने.

त्यांचा हिवाळा ते विमानाने शोधत जातात. मेमध्ये जिम. जून-जुलैत हिंटरटुक्स, झेरमॅट अशा हिमनद्या. ऑगस्ट-सप्टेंबरला चिली, अर्जेंटिना किंवा न्यूझीलंड, कारण तिकडे तेव्हा थंडी. ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रियातल्या सोल्डनला पहिली शर्यत आणि मग मार्चपर्यंत दर आठवड्याला नवं गाव, नवं हॉटेल.

शर्यतीच्या सकाळचं एक दृश्य जमल्यास यूट्यूबवर बघा. ट्रॅकची पाहणी झालेली असते. स्लॅलमचा ट्रॅक त्यांना शर्यतीआधी स्कीने उतरून बघता येत नाही, फक्त बाजूने हळूहळू न्याहाळता येतो. मग वर, सुटण्याच्या जागेजवळ, वीस-पंचवीस धट्टीकट्टी माणसं डोळे मिटून उभी असतात आणि प्रत्येकाचा एक तळहात हवेत वळवळत असतो, डावीकडे, उजवीकडे, मध्येच थबकून खाली. आरती पाठ करणाऱ्या मुलासारखे ओठही हलतात. साठ-सत्तर गेट, त्यातलं प्रत्येक वळण, पाठ. मी माझ्या मुलांना स्केटिंगच्या शर्यतीआधी हे करायला लावते तेव्हा बाकावर बसलेल्या आया हसतात.

पैसा मिळतो का? आणि लागतो किती?

आधी लागतो. रेसिंगच्या स्कीची एक नवी जोडी लाखाच्या आसपास जाते, आणि एका जोडीने भागत नाही. पुरुषांची स्लॅलमची स्की किमान १६५ सेंटीमीटर, जायंट स्लॅलमची १९३, डाउनहिलची २१८. प्रत्येक प्रकाराला वेगळी, सरावाला वेगळी, शर्यतीला वेगळी. शिवाय बूट, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड), हेल्मेट, पाठीचं संरक्षक कवच, कोच, व्हिसा, विमान. युरोपातही हा खेळ सुखवस्तू घरांचा आहे, कुणी मान्य करो वा न करो.

मिळतो तो टोकावरच्या मूठभरांना. बक्षिसाच्या रकमेपेक्षा स्कीची कंपनी आणि हेल्मेटवरची जाहिरात यांतून जास्त. हेल्मेटवरची जागा रेसरची स्वतःची, म्हणून विजेता टीव्हीसमोर आला की डोक्यावरचं काही काढत नाही. बाकीच्यांचं पोट नोकरीवर चालतं: इटलीत पोलीस, सैन्य आणि आर्थिक गुन्हे बघणारं दल, जर्मनी-ऑस्ट्रियात सैन्य नाहीतर जकात खातं, असा पगार घेऊन लोक रेस करतात. म्हणजे आपल्याकडे रेल्वेत कबड्डीपटू लागतात ना, तस्संच.

स्की स्वतः सांभाळायची असते का?

वर्ल्ड कपवाल्यांचा त्यासाठी खास माणूस असतो. रात्री तळमजल्यावरच्या खोलीत टेबलाला स्की शिकंजात धरून तो कानसीने कड घासतो, इस्त्रीने मेण वितळवून तळाला लावतो, खरवडतो, ब्रश मारतो. बर्फ कोरडा की ओला, यावरून मेण. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी टूल घासलंय त्यांना ही भाषा लगेच कळेल. फ्लोरिन असलेलं मेण सर्वांत पळतं, पण ते पर्यावरणाला घातक म्हणून २०२३-२४च्या हंगामापासून बंद आहे. त्याच हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत नॉर्वेची रॅगनहिल्ड मोविंकेल तपासणीत सापडून बाद झाली.

धोका किती? खरं सांगा.

खरं सांगते. गुडघा जातो. पुढचा क्रूसिएट लिगामेंट, डॉक्टर एसीएल म्हणतात तो, तुटणं ही या खेळातली सर्वांत सवयीची मोठी दुखापत आहे. स्की म्हणजे पायाला बांधलेली लांब पहार. टोक अडकलं की सगळा पीळ गुडघ्यात. अमेरिकेची लिंडसे वॉन २०१३ला अशीच पडली आणि पुढे वर्षानुवर्षं त्या गुडघ्याशी झगडली. शिफ्रिन शंभराव्या विजयाच्या मागे असताना नोव्हेंबर २०२४ला पडली आणि पोटाला खोल जखम झाली. आता डाउनहिल आणि सुपर-जीला कपड्यांच्या आत एअरबॅग सक्तीची आहे. डाउनहिलमध्ये माणसं मेलीही आहेत. हे लपवून कुणी तुम्हाला कोर्स विकत असेल तर फोन ठेवा.

माझं ऐका. २०१२ला मनमाडहून झेलम पकडून जम्मू, तिथून गाडीने श्रीनगर आणि गुलमर्ग. पहिल्या दिवशी भाड्याच्या दुकानात एक फॉर्म: वजन, उंची, वय, आणि 'कौशल्य: नवशिके / मध्यम / कुशल'. बाइंडिंग किती जोरात पडल्यावर सुटावं हा आकडा या माहितीवरून आणि बुटाच्या लांबीवरून ठरतो. आता मी स्केटिंगची कोच, माझ्याच दोन विद्यार्थ्यांसमोर 'नवशिके'वर खूण कशी करणार? 'मध्यम'वर केली. दुकानदाराने पेचकस फिरवला, काही विचारलं नाही. बूटही एक नंबर मोठे निघाले, टाच आत हलत होती, पण मला वाटलं मोज्यांनी भागेल. चौथ्या दिवशी साध्या उतारावर, जवळजवळ थांबलेली असताना पडले. वेगात पडलं तर बाइंडिंग सुटतं; मी हळू पडले आणि ते घट्ट. स्की तिथेच, मी तिकडे, गुडघा मध्ये. उरलेले दहा दिवस खिडकीतून इतरांची वळणं बघत आणि नून चहा पीत काढले. स्कीइंगमधलं मला जे काही कळतं ते त्या खिडकीतून शिकलेलं आहे.

कितव्या वर्षापर्यंत खेळता येतं?

स्लॅलमवाले तिशीच्या आसपास थकतात. ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरने सलग आठ वर्षं एकूण वर्ल्ड कप (सगळ्या प्रकारांचे गुण मिळून) जिंकून २०१९ला तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली, मग स्वतःची स्कीची कंपनी काढली आणि २०२४ला नेदरलँड्सकडून परत आला. वेगाचे प्रकार मात्र अनुभवी माणसाचे. स्वित्झर्लंडच्या डिडिएर कुशने सदतिसाव्या वर्षी किट्सब्यूल जिंकलं. आणि तो १६१.९वाला क्लारे? त्याने वर्ल्ड कपची एकही शर्यत कधी जिंकली नाही. २०२२ला, ४१व्या वर्षी, ऑलिंपिक डाउनहिलचं रौप्य मिळवलं. माझा सगळ्यांत आवडता रेसर तो.

स्केटिंगचा उपयोग होतो का, की तुम्ही क्लासची जाहिरात करताय?

थोडी जाहिरात आहे. पण उपयोग होतो. वळताना बाहेरच्या पायावर भार देणं, खांदे उताराच्या दिशेला ठेवणं, नजर दोन गेट पुढे, हे इनलाइनवर शिकता येतं. इनलाइन अल्पाइन असा प्रकारच आहे, उताराच्या रस्त्यावर गेट लावून. न शिकता येणारी गोष्ट एकच, कडेचा बर्फाशी होणारा संवाद. डांबर बोलत नाही.

पहिलं पाऊल कुठलं?

जानेवारी ते मार्चमध्ये एक-दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स. गुलमर्ग आणि मनालीला सरकारी संस्था आहेत, उत्तराखंडात औली आहे. आधी मुलाला थंडीत पहाटे पाचला उठवून चामर लेणीच्या पायऱ्या आठवडाभर चढवून-उतरवून बघा. तो कुरकुरला तर तिकिटाचे पैसे वाचले. आवड टिकली तर खेलो इंडिया विंटर गेम्सपर्यंत पोचायचं बघू. महाराष्ट्राची मुलं तिथे उतरतात. फॉर्मवर 'नवशिके' लिहा. बूट घट्टच घ्या, बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघा वाकवला की मागे सरकली पाहिजेत.

दहावीच्या वर्षी पाठवू का?

नको.

तुमचा गुडघा आता कसा आहे?

चौकशीबद्दल आभार. पांडवलेणी चढताना गप्प असतो. उतरताना साधारण शेवटच्या पन्नास पायऱ्यांना बोलायला लागतो, आणि त्या पायऱ्या मी आता आडव्या, कडेकडेने उतरते, जसं गुलमर्गला पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं.